लाईट-पाणी धरून भाडं: सांगलीत फ्लॅट घेताना नेमकं काय धरलंय ते बघा

"साडेआठ हजार, लाईट-पाणी धरून." विश्रामबागेतला फ्लॅट मी एवढ्या एका वाक्यावर घेतला होता. एप्रिलमध्ये कूलर आणला आणि आठवड्याभरात मालक जिना चढून वर आले. "लाईट धरलीय हो, कूलर कुठं धरलाय त्यात?" खरं तर ना त्यांची लबाडी होती, ना माझी. 'धरून'मध्ये काय काय येतं, हे दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं.

असं भाडं वाईट नसतं. वालचंद किंवा विलिंग्डनला शिकायला आलेली पोरं, मिरजेच्या दवाखान्यांत नोकरी करणारे, बदलीवर आलेले बँकवाले यांना दर महिन्याला एकदाच पैसे देऊन मोकळं व्हायचं असतं. फक्त हो म्हणण्याआधी थोडी चौकशी आणि थोडा हिशेब करायचा.

आधी नदीचं पाणी विचारा

सांगलीत भाड्याच्याही आधी पाण्याची चौकशी करायची. नळाच्या नव्हे, कृष्णेच्या. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, शामरावनगर, दत्तनगर अशा भागांत घर बघत असाल तर एजंटाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. तो भिंतीवर हात ठेवूनच दाखवेल.

मग खाली पार्किंगमध्ये जाऊन मीटरची पेटी आणि पाण्याची मोटार कुठं बसवलीय ते बघा. दोन्ही जमिनीलगत असतील तर तिसऱ्या मजल्यावर राहूनही पुरात अंधारच. तेव्हा टँकर आणावा लागला तर पैसे कुणाचे, हेही आत्ताच विचारून ठेवा. ऐन पुरात मालकाचा फोन लागेलच असं नाही.

मीटर कुणाचा आहे?

फ्लॅटला स्वतंत्र मीटर आहे, की मालकाच्या घरासकट एकच, यावर पुढचं सगळं ठरतं. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: पहिली 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, त्यापुढे आणखी महाग. दोन घरं एका मीटरवर असली की वापर एकत्र मोजला जातो आणि वरच्या टप्प्यात जातो. मालक तो बोजा भाड्यात मिळवूनच आकडा सांगतो. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

मीटर स्वतंत्र असेल तर एक जुनं वीजबिल मागा. मागच्या महिन्यांचा वापर त्यावरच छापलेला असतो. बारा आकडी ग्राहक क्रमांक मिळाला तर महावितरणच्या ॲपवरही बिल दिसतं. "बिल सापडत नाही" असं ऐकू आलं तर मी तरी जरा सावध होतो.

आता तुमचा स्वतःचा वापर काढा. 1000 वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. म्हणजे 2000 वॉटचा गीझर अर्धा तास लावला की रोजचं एक युनिट, महिन्याला 30. फ्रिजचंही साधारण तेवढंच धरा. 75 वॉटचे तीन पंखे दहा-दहा तास फिरले तर महिन्याला 67-68 युनिट. दिवे, टीव्ही, मोबाइल मिळून आणखी वीसेक. दोघांच्या घराचा आकडा दीडशेच्या आसपास येतो. एसी असेल तर हा हिशेब विसरा. दीड टनाचा एसी तासाला एक-दीड युनिट सहज खातो.

मग त्याच गल्लीत लाईटबिल वेगळं असलेल्या तशाच फ्लॅटचं भाडं विचारा. दोन भाड्यांतला फरक आणि तुमचं अंदाजे बिल शेजारीशेजारी मांडा. दर शनिवारी तासगाव-जतला घरी जाणाऱ्याला बहुतेक वेळा वेगळं बिलच परवडतं. न जाळलेल्या विजेचे पैसे कशाला द्यायचे?

कागदावर काय लिहून घ्यायचं

करार बहुधा 11 महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा असतो, म्हणजे ठरावीक काळ राहण्याचा परवाना; राहणारा त्यात 'परवानाधारक'. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. नोंदणीला कां-कूं करणाऱ्या मालकाला हे गोडीत सांगून बघा. खर्चही फार नाही. 9,000 भाडं, 30,000 डिपॉझिट आणि 11 महिने असतील तर 0.25 टक्क्यानं मुद्रांक शुल्क अडीचशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000.

छापील नमुन्यात 'लाईट-पाणी भाड्यात समाविष्ट' एवढंच असेल तर थांबा. माझ्या दुसऱ्या करारात असं लिहिलं: 'दरमहा 150 युनिटपर्यंतची वीज भाड्यात समाविष्ट. त्यावरील युनिट महावितरणच्या बिलातील दराने परवानाधारक देईल. महापालिकेचे व बोअरचे पाणी, मोटारीची वीज व जिन्यातील दिवे समाविष्ट. टँकरचा खर्च मालकाचा.' लिफ्ट, सोसायटीचा मेंटेनन्स, वायफाय आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांचंही एकेक वाक्य टाका. गॅस सिलिंडर सहसा तुमचाच.

भांडण झालं म्हणून मालकानं वीज-पाणी तोडू नये, हेही लिहून घ्या. कलम 29 तशी मनाई करतं, पण ते भाडेकरूबद्दल बोलतं आणि लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. म्हणून करारातली ओळ हवीच.

जुन्या करप्रणालीत घरभाड्याची सूट घेत असाल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर जात असेल, तर मालकाचा पॅन लागतो. तो सही करायच्या आधीच मागा, मार्चमध्ये नव्हे.

राहायला जाल त्या दिवशी

सामान चढवण्याआधी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. दर महिन्याच्या एक तारखेला आणि घर सोडतानाही तेच करा. डिपॉझिटमधून 'जास्तीची लाईट' कापायची वेळ आलीच, तर बोलायला दोघांकडे तोच आकडा असतो.

आमचा कूलर शेवटी त्या 150 युनिटांच्या वर बसला आणि वरचे पैसे मी देऊ लागलो. मे महिन्यात रीडिंग बघायच्या निमित्तानं मालक वर यायचे आणि दहा मिनिटं कूलरसमोर बसून जायचे.