अँप्लिफायरविना पंक: व्हायलंट फेम्ससारखा आवाज कसा काढायचा

पंक म्हटलं की आधी गिटारचा आवाज खरखरीत करणारं डिस्टॉर्शन पेडल आठवतं. ते कपाटात ठेवा. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या व्हायलंट फेम्स या तिघांच्या बँडनं आपला आवाज रस्त्यावर, विजेविना घडवला. २३ ऑगस्ट १९८१ ला ओरिएंटल थिएटरबाहेर ते वाजवत होते. प्रिटेंडर्स या रॉक बँडचा गिटारिस्ट जेम्स हनीमन-स्कॉटनं ते ऐकलं आणि त्याच बँडची गायिका क्रिसी हाइंडनं त्यांना थेट आत स्टेजवर बोलावलं.

सुरुवात गिटारपासून करू नका, बेसपासून करा. या बँडमध्ये सुरावट बरेचदा बेसच पुढे नेतो. बेसवादक ब्रायन रिचीच्या ‘अर्थवूड’ अकूस्टिक बेसची पेटी चांगली ढोलासारखी खोल. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अकूस्टिक बेसची पेटी लहान असते, त्यामुळे खालच्या ‘ई’ तारेचे ४१ हर्ट्झ तिला पेलवतच नाहीत आणि गिटार सुरू झाली की बेस गायब. उपाय सोपे आहेत: ब्रॉन्झच्या कोऱ्या तारा, जाड पिक, आघात ब्रिजजवळ (तारा पेटीवर टेकतात तिथे), आणि सुरावट बारीक दोन तारांवर. मूळ स्वर कमी पडला तरी त्याच्या वरच्या हार्मोनिक्सवरून (त्याच्या पटीत उमटणाऱ्या स्वरांवरून) कान तो ओळखतो.

ड्रमर व्हिक्टर डिलोरेन्झो उभ्यानं वाजवायचा: एक स्नेअर (कडक आवाजाचा चपटा ड्रम), हातात तारांचे ब्रश, आणि फ्लोअर टॉमवर (पायांवर उभ्या मोठ्या ड्रमवर) पालथी घातलेली पत्र्याची टोपली. त्याला तो ‘ट्रान्साफोन’ म्हणायचा. आपल्याकडे यासाठी घमेलं उत्तम. १४ इंची टॉम म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर. घमेल्याचं तोंड त्याहून मोठं हवं, म्हणजे ते टॉमच्या कड्यावर टेकेल. बादलीचं तोंड बहुधा लहान पडतं. ती स्किनवर बसते, स्किन दबते आणि नुसता पत्रा वाजतो. घमेलं खडखडलं तर कड्यावर तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावा.

गिटारला .०११ इंची तारा पुरतात. गाणाऱ्यानं ओळ म्हणताना स्ट्रमिंग हलकं करायचं, नाहीतर शब्द बुडतात. (पेडलची सवय असलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं.)

बँडचा पहिला अल्बम जुलै १९८२ मध्ये रेकॉर्ड झाला, १९८३ मध्ये आला. घरी रेकॉर्ड करताना बेसचा माइक साउंडहोलसमोर (पेटीच्या भोकासमोर) धरू नका, आवाज घुमतो. मान जिथे पेटीला मिळते तिथे, २५ सेंटिमीटरवर लावा. स्टेजवर बेसचा पिकअप (तारांचा आवाज अँप्लिफायरकडे नेणारा भाग) शिट्टी मारू लागला तर साउंडहोलला रबरी झाकण घाला.

सरावाला त्यांचं ‘ब्लिस्टर इन द सन’ घ्या. रिफनंतर (सुरुवातीच्या छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीनंतर) स्नेअरचे दोन फटके येतात. ते घाईनं पडले की सगळी गंमत जाते. शेवटाकडे गाणं कुजबुजीपर्यंत उतरतं. तिथे आवाज कमी करताना लयही हमखास ढिली पडते, म्हणून तेवढा भाग मेट्रोनोमवर आधी वेगळा बसवा. स्नेअर वाजवणं थांबवू नका, फक्त ब्रश उचलण्याची उंची कमी करा: एक वीत होती, तिथे दोन बोटं.