दुचाकीवरून रोज ऑफिसला जाताना त्वचा उन्हापासून कशी जपाल?

आधी कापड, मग क्रीम. स्कूटर चालवणाऱ्यांनी हा क्रम सोडू नये. पूर्ण बाह्यांचा सनकोट, हेल्मेटखाली मान झाकणारा स्कार्फ आणि हातमोजे. हँडलवरचे हात सगळ्यात जास्त रापतात, तरी अर्धं शहर हातमोज्यांशिवायच फिरतं. कापड घेताना ते उजेडासमोर धरा. आरपार दिसलं तर ऊनही आत येणारच.

सनस्क्रीन घेताना एसपीएफ आणि पीए दोन्ही बघा. एसपीएफ म्हणजे त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासूनचं संरक्षण, तर पीए यूव्हीएपासूनचं. सुरकुत्यांमागे मोठा हात यूव्हीएचा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८. त्यामुळे ३० किंवा ५० आणि पीए+++ एवढं पुरे. त्यावरच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

खरी गोम प्रमाणात आहे. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढतात. आपण वाटाण्याएवढी लावतो आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणतो! तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा आणि मानेला साधारण तेवढी लागते. एकदम जड वाटली तर दोन थरांत लावा. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहते. मॉइश्चरायझरनंतर, मेकअपआधी आणि निघण्यापूर्वी १५-२० मिनिटं लावा.

पांढरट थर दिसतो म्हणून सोडून देऊ नका, टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेली सनस्क्रीन घ्या. वांग असेल तर तीच बरी: तिच्यातलं आयर्न ऑक्साइड वांग वाढवणारा दृश्य प्रकाशही अडवतं.

बाहेर असाल तर दर दोन तासांनी, घाम पुसल्यावर लगेच पुन्हा लावा. दिवसभर आत, खिडकीपासून लांब बसत असाल तर संध्याकाळी ऊन असताना निघण्यापूर्वी लावली तरी चालेल. खिडकीलगत बसणाऱ्यांना ही सूट नाही, साध्या काचेतून यूव्हीए बरंच आत येतं. ढगांतूनही येतं, म्हणून पावसाळ्यातही नेम मोडू नका.

सहा महिन्यांखालच्या बाळांना सावली आणि सुती कपडेच बरे. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं चालू असतील तर त्वचा लवकर भाजते, डॉक्टरांना विचारा.

आणि ट्यूब डिकीत ठेवू नका, उष्णतेने क्रीम खराब होते.