दांडग्या माशांना सोबती निवडताना या चुका टाळा

गेल्या जानेवारीत एका सकाळी टँकचा लाइट लावला आणि चार दिवसांपूर्वी आणलेला पॅरट मासा कुठे दिसेना. शोधला तर हिटर आणि काचेच्या फटीत, डोकं वर करून तिरका उभा. शेपटीचा वरचा भाग कुरतडलेला, एका कुशीचे खवले गेलेले आणि तिथे कापसासारखी बुरशी धरू लागलेली. समोर मधोमध आमचा फ्लॉवरहॉर्न कल्ले फुलवून फिरत होता. दुकानात हीच दोन जातींची पिल्लं एका टँकमध्ये गुण्यागोविंदाने राहताना मी डोळ्यांनी पाहिली होती. त्यावर विश्वास ठेवला आणि त्या पॅरटचे हाल झाले.

दुकानातलं चित्र फसवं असतं. तिथे मासे लहान असतात, दाटीवाटीने असतात, दोन-चार दिवसांत विकले जातात. कुणालाच आपली म्हणावी अशी जागा मिळत नाही. घरी आल्यावर तोच मासा एक दगड, एक कोपरा, कुंडीची एक बाजू धरतो आणि तिथून खरी लढाई सुरू होते. आपल्याकडे शेताचा बांध कोरला की सख्खे भाऊ कोर्टात जातात, तसंच हे आहे. दांडग्या माशांचं भांडण बहुतेक वेळा जागेचं असतं. म्हणून सोबती निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: हा नवा मासा जुन्याच्या जागेवर हक्क सांगणार आहे का?

पिल्लाचा आकार बघून टँक ठरवणं

दोन इंचाचा ऑस्कर बघून दोन फुटी टँक घेणारे नाशिकमध्ये मला दर महिन्याला भेटतात. हा मासा वर्ष-दीड वर्षात दहा इंचांवर जातो. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर पाणी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये जेमतेम ५६ लिटर मावतं. एकट्या ऑस्करला चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे सुमारे २५५ लिटर, ही कमीत कमी जागा. सोबती हवे असतील तर त्याहून मोठा टँक हवा. माझा पाच बाय दोन बाय दोनचा आहे. त्यात ५६० लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन साडेपाचशे किलोंच्या पुढे. तो मी सिडकोतल्या तळमजल्याच्या घरात ठेवलाय. वरच्या मजल्यावर राहत असाल तर एवढा टँक घेण्याआधी इंजिनिअरला विचारा.

‘शार्क’ म्हणून विकलं जाणारं रुपेरी पिल्लू खरं तर पंगस आहे. मोकळ्या पाण्यात ते मीटरभर वाढतं. लाल शेपटीचा कॅटफिश त्याहूनही दांडगा होतो. ही दोन पिल्लं कितीही गोड दिसली तरी घरच्या टँकसाठी घेऊ नका.

तोंडात मावेल असा सोबती देणं

ऑस्करच्या तोंडात जे मावतं ते खाद्य. गप्पी, निऑन, लहान मॉली रात्रीतून नाहीसे होतात. त्याहून वाईट म्हणजे पिक्टससारखे काटेरी लहान कॅटफिश. गिळताना त्यांचे परांचे काटे घशात अडकतात आणि दोन्ही मासे जातात. गोल्डफिशही सोबत नको. तो गार पाण्याचा, संथ मासा, आणि ऑस्करला २५ ते २८ अंशांचं पाणी लागतं. काही जण त्याला ‘जिवंत खाद्य’ म्हणून सोडतात. त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिश सतत खाऊ घातला तर ब जीवनसत्त्वाची कमतरता होते.

जुन्या माशासारखाच दिसणारा गडी आणणं

त्याच बांध्याचा, त्याच रंगाचा मासा जुन्याला थेट प्रतिस्पर्धी वाटतो. म्हणून ऑस्करबरोबर मी सिल्व्हर डॉलर ठेवतो. चपटे, चपळ, मधल्या पाण्यात कळपाने फिरणारे. ते तळातली जागा धरत नाहीत, शाकाहारी असल्यामुळे मांसाच्या तुकड्यावरून भांडत नाहीत. एकच अट: सहा तरी घ्या आणि तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे घ्या. कळपातले मासे मोजून दोन-तीन आणणं ही फार नेहमीची चूक. तीन टायगर बार्ब आणले तर ते एकमेकांना आणि एंजल माशाच्या लांब परांना कुरतडत राहतात. आठ-दहा असले की बरीचशी खोडी आपापसात जिरते. तरी एंजल, गप्पी, फायटर यांच्यात ते सोडू नयेतच.

फ्लॉवरहॉर्नबद्दलचं माझं मत मी आता स्पष्ट सांगतो: तो एकटा ठेवा. १९९० च्या दशकात मलेशिया-तैवानकडे संकर करून तयार झालेला हा मासा, आणि त्याला सोबतीची गरज नाही. पॅरटचं तर तोंडही पूर्ण मिटत नाही. चावणाऱ्याला तो उलटून चावूही शकत नाही.

सकर म्हणजे फुकटचा सफाई कामगार, हा समज

काचेला चिकटणारा सकर मासा शेवाळ खातो, पण मोठ्या माशांची विष्ठा साफ करत नाही, उलट स्वतः भरपूर घाण करतो. फूटभर वाढतो. उपाशी राहिला की रात्री चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर ओरबाडतो. सकाळी माशाच्या कुशीवर गोल लालसर डाग दिसला तर आधी सकरकडे बघा.

पाणी न बघता जोड्या लावणं

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड कुळातले मासे जड, अल्कधर्मी पाण्याचे, साधारण ७.८ ते ८.६ पीएचचे. ऑस्कर, ग्रीन टेरर दक्षिण अमेरिकेचे, त्यांना इतकं जड पाणी लागत नाही. दोघेही रागीट म्हणून एकत्र सोडणं चूक आहे. मलावीच्या म्बुना माशांचा नियम वेगळाच: भरपूर दगड-कपारी, एका नराला तीन-चार माद्या आणि जरा दाटीच, म्हणजे मार एकावरच पडत नाही. पण दाटी केली की फिल्टर दणकट हवा आणि आठवड्याला पाणी बदलणं चुकवता येत नाही. नळाचं आणि बोअरचं पाणी सारखं नसतं, तेव्हा पीएचच्या पट्टीने मोजून घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही आधी काढा.

मारामारी सुरू झालीच तर

खाण्याच्या वेळी थोडी पळापळ चालते. काळजीची खूण वेगळी आहे: एक मासा वरच्या कोपऱ्यात किंवा पाइपमागे टांगल्यासारखा राहतो, पर मिटलेले, दाणे टाकले तरी पुढे येत नाही. हे दिसलं त्याच दिवशी हात घाला.

बहुतेक जण मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. त्याला जखमा असतील तर तेच करा. पण जखम नसेल तर मारणाऱ्याला काढा. चार-पाच दिवस दुसऱ्या टबमध्ये ठेवा, तेवढ्यात टँकमधले दगड-लाकडं सगळी हलवा. परत आल्यावर त्याची जुनी हद्द उरलेली नसते, त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. नवा मासा सोडतानाही हेच: आधी रचना बदला, जुन्यांना पोटभर खाऊ घाला, लाइट बंद करा, मग सोडा. जमलं तर आठवडाभर मध्ये जाळीचा पडदा ठेवा. टँक नव्याने भरत असाल तर सर्वांत दांडगा मासा सगळ्यात शेवटी. कॉन्व्हिक्ट माशांची जोडी जमून अंडी घातली असतील तर मात्र या कशाचाच उपयोग होत नाही, जोडी वेगळ्या टँकमध्ये हलवावीच लागते.

जखमी माशाला स्वच्छ पाणी हेच मुख्य औषध. दहा लिटरला दहा ग्रॅम आयोडीन नसलेलं खडे मीठ आधी विरघळवून घाला. कॅटफिश असेल तर मीठ टाळा. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा हिटर नसलेल्या टँकमध्ये जखम भरत नाही, बुरशी धरते. ऑस्कर हिटर फोडतात, म्हणून तो भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपमध्ये बसवा.

आणि न जमलेला मासा गोदावरीत किंवा नासर्डीत सोडू नका. सकर आपल्या देशातल्या नद्यांत असेच पसरलेत आणि कोळ्यांच्या जाळ्यांत देशी माशांची जागा घेतायत. घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, परत घ्याल का. शेजारचा मुलगा परवा विचारत होता, “काका, नाही म्हणाले तर?” मी म्हटलं, मग तिथून घेऊच नको.

तो पॅरट वाचला. सहा आठवडे वेगळ्या टँकमध्ये होता. शेपूट परत आलं, पण कडेला थोडं वाकडं आलंय. अजूनही टँकजवळ कुणी पटकन आलं की तो पाइपमागे जातो आणि मी दाणे टाकून बाजूला झालो की मगच बाहेर येतो.