मेंदूसाठी अमिनो ॲसिडच्या गोळ्या घेताय? आधी हे करा

गेल्या वर्षी आई गॅसवर दूध ठेवून विसरायला लागली, एकाच आठवड्यात दोनदा पातेलं करपलं, तेव्हा मी घाबरून रात्रभर फोनवर शोधत बसलो आणि मूड न मेमरीसाठी म्हणून ५-एचटीपी नावाच्या अमिनो ॲसिडच्या गोळ्यांची बाटली मागवून टाकली. आईला डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्रॅम चालू आहे हे मला माहीत होतं, पण दोन्हीचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. नाक्यावरच्या केमिस्ट काकांना सहज बाटली दाखवली तर म्हणाले, "अरे, उघडू नकोस ही."

५-एचटीपी काय किंवा ट्रिप्टोफॅन काय, दोन्हीपासून शरीरात सेरोटोनिन (मूडशी संबंधित रसायन) बनतं, आणि आईची गोळीही सेरोटोनिनच वाढवते. एकत्र घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे हात थरथरतात, घाम, ताप, धडधड, माणूस गोंधळतो, जिवावरसुद्धा बेतू शकतं. म्हणून सगळ्यात आधी चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी कागदावर लिहा, खोकल्याचं सिरप, मायग्रेनची गोळी, आयुर्वेदिक काढा, काही सोडू नका, आणि ती डॉक्टरांना दाखवा. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू असेल तर अमिनो ॲसिडची पावडर स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही.

मग रक्त तपासा. बी-१२, टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), हिमोग्लोबिन. आई शाकाहारी, त्यात शुगरसाठी कितीतरी वर्षं मेटफॉर्मिन, आणि या दोन्हींमुळे बी-१२ कमी होऊ शकतं, तिचं झालंच होतं. बी-१२ कमी असेल तर विसराळूपणा, उदासपणा, पायाला मुंग्या हे सगळं येऊ शकतं आणि ते कुठल्याच अमिनो ॲसिडने भरून निघत नाही.

आता ताट बघा. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅमच्या आसपास. आई दोन पोळ्या, पातळ वरण आणि चहा यावर दिवस काढत होती, उपासाला साबुदाणा, ज्यात प्रोटीन जवळपास नाहीच! प्रोटीन पचलं की त्यातूनच अमिनो ॲसिड्स मिळतात, आणि जी शरीर स्वतः बनवू शकत नाही ती जेवणातूनच यावी लागतात, त्यामुळे घट्ट वरण, मुगाची उसळ, पिठलं, दही, पनीर, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर अंडं (एका अंड्यात ६ ग्रॅम) हे रोज कुठल्या ना कुठल्या जेवणात हवंच.

एवढं करूनही घ्यायचंच असेल तर माझं मत सांगतो. एल-थिअनिन हे चहात असतंच, १०० ते २०० मिलिग्रॅम कॉफीबरोबर घेतलं तर काही जणांना लक्ष लागायला मदत होते. ग्लायसिन ३ ग्रॅम झोपायच्या आधी, झोप बरी लागते असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. टायरोसिनचा उपयोग दिसलाय तो जागरण किंवा खूप ताण असताना, म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्यावर नाही. क्रिएटिन शरीरात तीन अमिनो ॲसिड्सपासून बनतं, रोज ३ ते ५ ग्रॅम घेतात, पण किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि टेस्टच्या आधी लॅबला सांगा कारण क्रिएटिनिन (किडनीच्या टेस्टमधला आकडा) वाढलेलं दिसू शकतं.

घेताना एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम सुरू केल्या की कशाने बरं वाटलं न कशाने पोट बिघडलं ते कळतच नाही. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा) १४ आकडी नंबर बघा आणि प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम ते वेगळं लिहिलंय का बघा, नुसतं 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (म्हणजे मिश्रण, पण कशाचं किती ते न सांगता) लिहिलं असेल तर घेऊ नका. एका डोसमध्ये किती कॅप्सूल धरल्यात तेही वाचा, बऱ्याचदा वर छापलेला आकडा दोन कॅप्सूलचा असतो. महिनाभर वहीत झोप, मूड, विसरणं लिहा, फरक नसेल तर बंद करा.

आणि विसरणं अचानक सुरू झालं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर काही शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.