द्राक्षांचा रीफर कंटेनर भरताना

रीफर कंटेनर, म्हणजे थंडाव्याचं मशीन बसवलेला कंटेनर, माल थंड करत नाही. थंड झालेला माल थंड ठेवतो. नाशिकहून समुद्रमार्गे रॉटरडॅमला जाणारी द्राक्षं पुष्कळदा बिघडतात ती एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे. गरम माल आत गेला की मशीन कित्येक दिवस ती उष्णता ओढत बसतं आणि तोवर देठ सुकून तपकिरी पडतात. तिकडचा खरेदीदार मणी नंतर बघतो, देठ आधी.

म्हणून काम बागेतूनच सुरू होतं. तोडणी ऊन चढायच्या आत उरका, क्रेट सावलीत ठेवा आणि लगेच पॅकहाऊसला पोचवा. प्रतवारी, पॅकिंग झालं (युरोपसाठी बहुधा 500 ग्रॅमचे 10 पनेट, म्हणजे छोटे डबे, मिळून 5 किलोची पेटी) की पेट्या प्रीकूलिंगला, म्हणजे भरणीआधी थंड खोलीत, लावा. साधारण 6 ते 8 तासांत मण्याच्या आतलं तापमान 0 ते 1 अंशावर यायला हवं. खोलीच्या भिंतीवर शून्य दिसतंय म्हणून माल शून्यावर आला असं समजू नका. थप्पीच्या मधल्या थरातली अगदी आतली पेटी काढा आणि तिच्यातल्या एका मण्यात थर्मामीटरची सुई खुपसून बघा. कडेच्या पेटीत 1 अंश आणि आतल्या पेटीत 4 अंश असू शकतात. खरा आकडा आतल्या पेटीचा.

ग्रेप गार्डचा पॅड, म्हणजे पेटीत द्राक्षांवर ठेवायचा बुरशी रोखणारा कागद, प्रीकूलिंगनंतरच ठेवा. त्यातलं सोडियम मेटाबायसल्फाइट ओलावा लागला की सल्फर डायऑक्साइड सोडतं. गरम मालावर लायनर (पेटीतली प्लास्टिकची पिशवी) बंद केलं तर आत घाम धरतो, वायू एकदम सुटतो आणि मणी देठाच्या बाजूने पांढरे पडतात. शिवाय पुढच्या प्रवासात बुरशी रोखायला पॅडमध्ये काही उरत नाही.

कंटेनर लागतो 40 फुटी हाय क्यूब. दारात आला की आधी आत जाऊन बघा: आधीच्या मालाचा वास, दाराचं फाटलेलं रबर, तुंबलेली मोरी, पीटीआय (भरणीआधीची मशीनची तपासणी) झाल्याची नोंद. सेट पॉइंट, म्हणजे मशीनला राखायला सांगितलेलं तापमान, उणे 0.5 अंश ठेवा. बुकिंगमध्ये, मशीनच्या पडद्यावर आणि शिपिंग लाइनला दिलेल्या सूचनेत तो सारखाच आहे ना, हे तिन्हीकडे वाचून घ्या. उणे चिन्ह गळालं तर सबंध प्रवास एक अंश जास्त तापमानात होतो. आणखी खाली न्यायचा मोहही नको, उणे 2 च्या आसपास देठ गोठू लागतात.

पॅकहाऊसला डॉक सील (दार आणि कंटेनर यांच्यातली फट बंद करणारी गादी) नसेल तर रिकामा कंटेनर आधी थंड करू नका. दार उघडताच बाहेरची दमट हवा आत शिरते, भिंतींवर पाणी धरतं आणि ते पेट्यांवर टपकतं. अशा वेळी भरतानाही मशीन बंद ठेवा, पण भरणी झटपट उरका.

भरताना हवेची वाट डोक्यात ठेवा. थंड हवा कंटेनरच्या जमिनीवरच्या टी आकाराच्या पट्ट्यांमधून येते, पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत मशीनकडे जाते. 1 बाय 1.2 मीटरचे 20 पॅलेट बसले की दाराजवळ उघडी जमीन उरते. ती पुठ्ठ्याने झाका, नाहीतर हवा तिथूनच वर निसटते आणि मालातून जातच नाही. भिंतीवरच्या लाल रेषेच्या (माल रचायच्या कमाल उंचीची खूण) वर एकही पेटी जाऊ देऊ नका. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-15 चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा, शिक्का हवाच. डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र) दाराकडच्या पॅलेटमध्ये ठेवा, नंबर पॅकिंग लिस्टवर लिहा.

कागदांचं काम शेवटच्या दिवसावर टाकू नका. बागेची नोंद अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर आणि फवारलेल्या रसायनांच्या उर्वरित अंशाचा अहवाल हाती आल्याशिवाय तोडणीच लावू नये. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला आणि शेतकऱ्यांना त्याचा फार मोठा फटका बसला. या अहवालानंतरचे कागद म्हणजे अ‍ॅगमार्क (दर्जाचं प्रमाणपत्र), फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचं निर्यातीचं पत्रक). पेट्यांची संख्या सगळीकडे एकच हवी. फायटोवर 10 पेट्यांचा फरक निघाला तरी माल बंदरात थांबतो. कंटेनर नंबर 4 अक्षरं आणि 7 आकडे असा असतो, तो दारावरूनच उतरवा, फोनवर ऐकून नको. व्हीजीएममध्ये, म्हणजे भरलेल्या कंटेनरच्या प्रमाणित एकूण वजनात, मालासोबत कंटेनरचं स्वतःचं वजन, पॅलेट आणि पॅकिंग सगळं धरावं लागतं. 1 जुलै 2016 पासून त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही.

जहाज कुठल्या वाटेने जाणार हे तोडणीआधीच विचारा. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली आणि प्रवास 10 ते 14 दिवसांनी लांबला. इतका लांबचा पल्ला असेल तर पावसात भिजलेल्या किंवा मऊ पडलेल्या बागेचा माल समुद्रावर घालूच नका, त्याला जवळची बाजारपेठ बघा.

गाडी निघताना जेनसेट (रस्त्यात कंटेनरच्या मशीनला वीज देणारा जनरेटर) सुरू आहे का आणि न्हावा शेवा बंदरापर्यंत पुरेल एवढं डिझेल आहे का, ते बघा. बंदराबाहेरच्या रांगेतले तासही धरा. सील लावल्यावर सीलचा नंबर, दार आणि मशीनचा पडदा यांचे फोटो त्याच जागी काढा. पुढे तापमानावरून दावा लागला तर माल तुमच्याकडून थंडच निघाला होता, हे दाखवायला मण्यातल्या तापमानाच्या नोंदी आणि हेच फोटो लागतील.