समोरच्या टॉवरची सावली आणि ऑफिसचं वीजबिल

मुंबईत ऑफिसच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावायची ठरली की बहुतेक ठिकाणी सगळ्या मजल्यांना एकच गडद फिल्म लागते. समोर टॉवर असेल तर खालच्या मजल्यांवर हा खर्च वाया जातो. तिथे ऊन फारसं नसतंच, कमी असतो तो उजेड.

आधी कोन मोजा. खिडकीच्या मध्याच्या उंचीवरून मोबाइलच्या कोनमापक अ‍ॅपने समोरच्या गच्चीच्या कठड्यावर नेम धरा. समजा १८ मीटर अंतरावर ४० मीटरची इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर, ६ मीटर उंचीच्या खिडकीतून, कोन ६२ अंश येतो; दहाव्यावर, ३३ मीटरवरून, जेमतेम २१. सूर्य या कोनाखाली उतरला की समोरची इमारत ऊन अडवते. मेच्या मध्यात पश्चिमेच्या खिडकीत ऊन साडेबारानंतर येतं. दुसऱ्या मजल्यावरून ते अडीचच्या सुमारास जातं, दहाव्यावर साडेपाचपर्यंत ठाण मांडतं. फिल्म किंवा बाहेरचा पडदा हवा तो वरच्या मजल्यांना.

दक्षिणेला हिशोब वेगळा. डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य साधारण ४७ अंशांवरच असतो. समोरची इमारत रुंद असून कोन त्याहून मोठा असेल, तर त्या दिवसांत थेट ऊन येत नाही. उत्तरेच्या खिडकीत ऊन येणारच नाही, असं मात्र गृहीत धरू नका: समोर काचेची भिंत असेल तर हिवाळ्यात परावर्तित ऊन थेट डोळ्यांवर येतं.

आता खुर्चीत बसून बघा. टेबलापासून आकाशाचा तुकडाही दिसत नसेल, तर तिथे दिवे लागणारच. खिडकीजवळच्या टेबलांवर उजेड मोजणाऱ्या लक्स मीटरने ३०० लक्स मिळत असतील तर तिथले दिवे बंद ठेवता येतात, पण वायरिंग आडवं येतं. एकाच बटणावर खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंतची रांग असते. सर्किट खिडकीला समांतर करून घ्या. पावसाळ्यातही तपासा, कारण ढगाळ दिवसांत समोरची इमारत आकाशाचा उजेडही खाते.

एसीचं टनेज सावली न धरता काढलं, की खालच्या मजल्यांवर मशीन मोठं पडतं. खोली पटकन गार होऊन कॉम्प्रेसर लगेच बंद होतो, दमटपणा तसाच राहतो, आणि मग कोणीतरी २४ वरून २० वर आणतं. उलट, समोरची जुनी इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर पाडकामानंतर नवी उभी राहीपर्यंत ऊन सरळ आत येईल. अशा ठिकाणी कमी लोडवर चालणारं इन्व्हर्टर मशीन आणि प्रत्येक बाजूला वेगळा थर्मोस्टॅट घ्या.