किरणोत्सर्गी मालाची वाहतूक वस्तीतून: नाशिककरांनी हरकत कशी घ्यावी

अणुकचऱ्याचा ट्रक आपल्या भागातून जाणार अशी नुसती कुणकुण लागली की दोन दिवसांत तीन गोष्टी हमखास बिघडतात. कुठला तरी जुना फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, रास्ता रोकोची तारीख जाहीर होते आणि निवेदन भलत्याच खात्याच्या टेबलावर जाऊन पडतं. मग अधिकारी एका ओळीत उत्तर देतात, 'असा कोणताही प्रस्ताव नाही', आणि लोक घरी जातात. हरकत टिकवायची असेल तर गाडीत काय आहे, अधिकार कुणाचा आणि आपण नेमकं काय मागतोय, या तिन्ही गोष्टी आधी पक्क्या हव्यात.

गाडीत काय आहे

रस्त्यावरून जाणारा किरणोत्सर्गी माल बहुतेक वेळा कचरा नसतोच. हॉस्पिटलसाठी टेक्नेशियम-99एम येतं, त्याचं अर्धायुष्य (ताकद निम्मी व्हायला लागणारा वेळ) 6 तास. थायरॉइडच्या उपचाराला लागणारं आयोडीन-131 आठ दिवसांत निम्मं होतं. कारखान्यांत वेल्डिंगचे जोड तपासायला इरिडियम-192 वापरतात, अर्धायुष्य 74 दिवस. आपल्या जिल्ह्यात लासलगावला कांदा टिकावा म्हणून त्यावर विकिरण (किरणांचा मारा) करणारं 'कृषक' केंद्र आहे. तिथला स्रोत, म्हणजे किरण देणारा पदार्थ, कोबाल्ट-60 चा, तो सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणून अशा केंद्रांना अधूनमधून नवा कोबाल्ट भरावा लागतो.

या मालाला सरसकट विरोध करू नका. औषधाची पेटी अडली तर रुग्णाचा उपचार अडतो. वापरून झालेला स्रोत पुरवठादाराकडे परत जाताना अडवला तर तो इथेच, एखाद्या गोदामात पडून राहतो, आणि ते जास्त घातक. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं उपकरण भंगारात विकलं गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं आणि त्यात एकाचा जीव गेला. त्या स्रोताची रीतसर परतपाठवणी झाली असती तर तो भंगारात गेलाच नसता.

खरी हरकत दोन प्रकारांवर घ्यायची असते: अणुभट्टीतून निघालेलं वापरलेलं इंधन आणि मोठ्या ताकदीचे स्रोत. आपल्याकडे भट्टीतला कमी तीव्रतेचा कचरा साधारणपणे त्याच प्रकल्पाच्या आवारात पुरतात. वापरलेल्या इंधनावर मात्र तुर्भे (ट्रॉम्बे), तारापूर आणि कल्पाक्कम इथे पुनर्प्रक्रिया होते. त्यामुळे भट्टी एकीकडे आणि पुनर्प्रक्रिया दुसरीकडे असेल तिथे हे इंधन जाड पोलादी पिंपांतून न्यावं लागतं.

गाडी ओळखायची तर पाटी बघा. चौकोन कोनावर उभा, वरचा अर्धा भाग पिवळा, खालचा पांढरा, वर तीन पात्यांचं चिन्ह आणि खाली 7 हा आकडा. सोबत यूएन क्रमांक (माल ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असतो: 2915 म्हणजे 'ए' प्रकारची पेटी, कमी ताकदीचा माल. 2916 आणि 2917 म्हणजे 'बी' प्रकार, मोठी ताकद. पेटीवरच्या लेबलावर एक, दोन किंवा तीन लाल उभ्या रेघा असतात. दोन आणि तीन रेघांच्या लेबलावर 'ट्रान्सपोर्ट इंडेक्स'चा चौकोनही असतो. तिथे 3 लिहिलं असेल तर पेटीपासून 1 मीटरवर तासाला 0.03 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं माप) इतका किरणोत्सर्ग आहे, असं समजा. पेट्रोल-डिझेलच्या टँकरवरची पाटी वेगळी असते, वर्ग 3 ची. पानेवाडीच्या डेपोतून निघालेल्या टँकरचा फोटो अणुकचरा म्हणून पुढे ढकलला, तर पुढच्या खऱ्या तक्रारीलाही कुणी दाद देणार नाही.

धोक्याचा हिशेब आधी स्वतः करा

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे गाडीपासून 2 मीटरवर तासाला 0.1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सर्ग चालत नाही. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट. गाडी समोरून निघून गेली तर काही सेकंदांचा प्रश्न असतो. पण तीच गाडी द्वारका सर्कलच्या कोंडीत अर्धा तास अडकली, तर 2 मीटरवरच्या रिक्षावाल्याला कमाल पातळीवर 0.05 मिलिसिव्हर्ट मिळेल, म्हणजे वर्षाच्या मर्यादेचा विसावा भाग. एकदाच असेल तर ही मात्रा लहान. ठरलेल्या ढाब्यावर गाड्या दर वेळी थांबू लागल्या, तर तिथल्या पोऱ्याच्या वाट्याला ती साचत जाते. म्हणून 'गाडी विषारी आहे' असं लिहू नका. 'गर्दीच्या वेळी प्रवेश नको, शहराच्या हद्दीत थांबा नको' असं लिहा. ते आकड्यांनी सिद्ध होतं.

दुसरा मुद्दा अपघाताचा. 'बी' प्रकारच्या पेटीची चाचणी अशी: न दबणाऱ्या पृष्ठभागावर 9 मीटर उंचीवरून पाडणं, 1 मीटरवरून 15 सेंटिमीटर व्यासाच्या लोखंडी दांड्यावर पाडणं, मग 800 अंश सेल्सिअसच्या आगीत 30 मिनिटं. ही चाचणी कडक आहे, हे मान्य करूनच पुढे बोला, नाहीतर बैठकीत पहिल्याच मिनिटाला तुमचा मुद्दा खोडला जाईल. प्रश्न विचारायचा तो त्या 30 मिनिटांवर. त्याच रस्त्यावर इंधनाचे टँकर धावतात. कसारा घाटात टँकर आणि ही गाडी एकत्र पेटली, तर पहिला बंब किती मिनिटांत पोहोचतो आणि पाण्याची व्यवस्था काय? याचं उत्तर लेखी मागा. 8 ऑक्टोबर 2022 ला पहाटे नांदूर नाक्याजवळ खासगी बस पेटली, ते नाशिककरांना आठवत असेल. असा अपघात शहरात होतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

अधिकार कुणाचा

पेटी, परवाना आणि किरणोत्सर्ग हा विषय अणुऊर्जा नियामक परिषदेचा. तिचं कार्यालय नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई 400094. वाहतुकीसाठी परिषदेची 2016 ची संहिता आहे. चालकाचं प्रशिक्षण, आपत्कालीन माहितीचं कार्ड, गाडीवरचा फलक हे केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 9 आणि 129 ते 137 मध्ये येतं, तिथे परिवहन कार्यालयाला विचारता येतं.

रस्ता आणि वेळ मात्र स्थानिक हातात असते, आणि आपली ताकद तिथेच लावायची. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 खाली एखाद्या प्रकारच्या वाहनांना ठरावीक रस्त्यावर किंवा वेळेत बंदी घालता येते. शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी यांच्यामार्फत. निर्बंध महिन्याहून जास्त काळाचा असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते, म्हणून निवेदनात 'तात्पुरता आदेश आणि कायम अधिसूचना' असं दोन्ही मागा. जिल्हाधिकारी हेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असल्यामुळे आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 31 खालचा जिल्हा आराखडा त्यांच्याकडूनच मागायचा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाऊ नका. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांतून किरणोत्सर्गी कचरा वगळलेला आहे. तिथून अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो.

माहिती अधिकाराचा अर्ज

इथे बहुतेकांचं चुकतं. 'पुढची गाडी कधी आणि कुठून जाणार?' असं विचारलं की कलम 8(1)(क) आणि अणुऊर्जेच्या कायद्यांतली गोपनीयता दाखवून अर्ज फेटाळला जातो. तारखा आपल्याला नकोतच. सुरक्षेच्या दृष्टीने त्या गुप्त राहणंच बरं. नियामक परिषदेला अर्ज असा लिहा:

'गेल्या तीन कॅलेंडर वर्षांत नाशिक जिल्ह्यातून रस्त्याने गेलेल्या बी प्रकारच्या पेट्यांची वर्षवार एकूण संख्या द्यावी. तारीख, वेळ व मार्ग नको. या वाहतुकीच्या आपत्कालीन आराखड्याची प्रत द्यावी. गोपनीय भाग असल्यास कलम 10 नुसार तेवढाच वगळावा. नाशिकच्या जिल्हा प्रशासनाला व अग्निशमन दलाला पाठवलेल्या लेखी सूचनांच्या प्रती द्याव्यात.'

परिषदेचा, म्हणजे केंद्र सरकारचा, अर्ज ऑनलाइन पोर्टलवर, फी 10 रुपये, मर्यादा 500 शब्द. राज्याच्या कार्यालयांसाठी मर्यादा 150 शब्द आणि एका अर्जात एकच विषय, म्हणून अर्ज वेगवेगळे करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महापालिकेच्या अग्निशमन विभागाला विचारा: किरणोत्सर्ग मोजणारी किती यंत्रं आहेत, शेवटचं कॅलिब्रेशन (यंत्र बरोबर मोजतं का याची तपासणी) कधी झालं, किती जवान प्रशिक्षित आहेत. जिल्हा रुग्णालयाला विचारा: बाधित रुग्णाला धुऊन स्वच्छ करण्याची सोय कुठे आहे. 'का नाही' असं विचारू नका, या कायद्यात नोंदीत असलेली माहितीच मिळते. 'यंत्रांची संख्या: निरंक' असं उत्तर आलं तर ते तुमच्या निवेदनातलं सगळ्यात मजबूत पान ठरेल.

30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. त्यानंतर 90 दिवसांत दुसरं, केंद्राच्या बाबतीत दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे, राज्याच्या बाबतीत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. नकार आला तर अपिलात कलम 8(2) आवर्जून लिहा, सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, असं ते कलम सांगतं.

रस्त्याची पाहणी

विल्होळीपासून आडगावपर्यंतचा पट्टा दोघा-तिघांनी मिळून पालथा घाला. वहीत पाच रकाने: ठिकाण, रस्त्याच्या कडेपासून अंतर, माणसांची अंदाजे संख्या, गर्दीची वेळ, जवळचा पर्यायी रस्ता. शाळा, दवाखाने, पाण्याचे स्रोत, पूल आणि पेट्रोलपंप एवढंच नोंदवा. अंतर गूगल मॅप्सवर मोजता येतं. उड्डाणपुलाची नोंद वेगळी करा: वर अपघात झाला तर बंब कुठल्या रॅम्पने चढणार आणि मागे अडकलेली वाहनं कशी काढणार? पाथर्डी फाटा, मुंबई नाका, द्वारका इथे सकाळी 8 ते 10 आणि संध्याकाळी 6 ते 9 असं कामाच्या दिवशी थांबून वाहनं किती वेळ खोळंबतात ते घड्याळ लावून लिहा. पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा महामार्गापर्यंत येतात, त्या दिवसांची नोंद हवीच. 2027 च्या सिंहस्थात रस्त्यांचं वेळापत्रक प्रशासन बदलणारच आहे, म्हणजे निर्बंध घालणं शक्य आहे, हेही निवेदनात लिहून टाका.

पर्याय मागताना

'शहराबाहेरून न्या' हे म्हणायला सोपं. घोटी-सिन्नर रस्त्याने न्या म्हटलं की धोका त्या गावांच्या दारात जातो, आणि ते लोक तुमच्या विरोधात उभे राहतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्याशी आधी बोला, निवेदन एकत्र द्या. समृद्धी महामार्ग सुचवायचा असेल तर इगतपुरीजवळचा सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा विसरू नका. बोगद्यातली आग घाटातल्या आगीपेक्षा वाईट. तो मार्ग मागितला तर बोगद्यातून जाताना मागेपुढे इंधनाचे टँकर नसावेत, ही अट जोडा. पेठ रोडवरची बरीच गावं पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) येतात, तिथे ग्रामसभेचा ठराव घ्या. ठरावाने महामार्ग बंद होत नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या फायलीत त्याचं वजन पडतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा होतातच, विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेत घालून घ्या. आयत्या वेळचा विषय म्हणून घेतलेल्या ठरावावर नंतर हरकत येते.

निवेदनात चारच मागण्या ठेवा: गर्दीच्या वेळी बंदी, हद्दीत थांबा नाही, अग्निशमन दलाला यंत्रं आणि प्रशिक्षण, वर्षातून एक सराव. प्रत पोलीस आयुक्त, जिल्हाधिकारी, नियामक परिषद आणि स्थानिक आमदार-खासदारांना, आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का. दाद मिळाली नाही तर प्रशासन तक्रारी ऐकतं त्या लोकशाही दिनाला जा, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो.

मोर्चा आणि गाडी

नाशिक शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचे मनाई आदेश वारंवार लागू असतात. मोर्चाआधी पोलीस ठाण्यात लेखी परवानगी घ्या, मार्ग आणि अंदाजे संख्या लिहून.

पाटी लावलेली गाडी मात्र कधीही अडवू नका. गुन्हा दाखल होतो हे एक, पण त्याहून मोठं म्हणजे थांबलेल्या गाडीभोवतीची गर्दीच सगळ्यात जास्त किरणोत्सर्ग घेते, आणि ढकलाढकलीत अपघात घडतो. गाडीचा ठावठिकाणा किंवा व्हिडिओ थेट टाकू नका. अपघात दिसला तर 112 वर फोन करा, पाटीवरचा क्रमांक लांबूनच सांगा आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूला सरका. पेटी फुटल्यासारखी दिसली तर किमान 30 मीटर, आग लागली असेल तर 300 मीटर. काही सांडलेलं, चमकणारं दिसलं तरी उचलू नका, तिथे खाणं-पिणं आणि विडी-सिगारेट बंद.

आदेश निघाला की काम संपत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा 150 शब्दांचा अर्ज: आदेशाखाली किती वाहनांवर कारवाई झाली, सराव झाला का, त्याचा अहवाल, आणि शिंगाडा तलावच्या मुख्य अग्निशमन केंद्रात यंत्रं आली का. सरावाच्या अहवालात बंब पोहोचायला लागलेली मिनिटं लिहिली नसतील, तर पुढच्या अर्जात तेवढाच एक प्रश्न विचारा.